घरात पोट्टे तीन, मग अभ्यासक्रमाचे डबे पण तीन घ्यायचे का?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरशाळेवर, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्यावर, पानभर लेख आला होता, तो मी दुकानात बसल्या बसल्या दोनदा वाचला कारण विषय आमच्या घरातलाच आहे. लेख चांगला होता, नाही म्हणत नाही. पण शेवटी जो चौकोन दिला होता, कोणता अभ्यासक्रम घ्यावा, कोणाचे फायदे काय नि तोटे काय, तो वाचून हसू आलं. सगळं असं लिहिलेलं की जसं काही घरात एकच लेकरू आहे, त्याला स्वतंत्र खोली आहे, आणि आईला दिवसभर दुसरं कामच नाही. साहेब, आमच्याकडे तीन आहेत. थोरलीला तेरा पूर्ण, मधला दहाचा, शेंडेफळ सहाची. टेबल एकच, तेही शिलाई मशीनला चिकटून. मिसेस हॉस्पिटलात नर्स आहे, तिच्या ड्युट्या बदलत राहतात, आणि माझं मानेवाड्याकडे झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. असं घर असलेल्यांनी तो चौकोन वाचून काय करायचं, यावर चार ओळी लिहाव्या म्हटलं, लांबलं तर कापा, पण शेवटची विनंती तेवढी कापू नका.

आधी हे सांगून टाकतो की आम्ही कोणी फार मोठे विचारवंत वगैरे नाही. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा थोरली दुसरीत होती, घरात मोबाईल दीड (एक माझा, अर्धा मिसेसचा, ती ड्युटीवर गेली की तो पण जायचा), आणि ऑनलाईन क्लासच्या नावाने जे चालायचं ते सगळ्यांनीच पाहिलं आहे. नंतर शाळा उघडल्या, मधला पहिलीत बसला आणि रोज डायरीत लाल शेरा यायला लागला. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, हे त्याला एकच वाटायचं. फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत फळा पुसलेला असायचा. तपासणी केली तेव्हा वाचनातच अडचण आहे असं निघालं, पोराच्या डोक्यात काही कमी नाही, पण शाळेत पन्नास-पंचावन्न पोरांमध्ये त्या मॅडमनी तरी किती पाहावं. २०२२ च्या उन्हाळ्यात दोघांचेही दाखले काढले. थोरलीचा का काढला हा प्रश्न माझी सासू अजून विचारते, आणि खरं उत्तर एवढंच आहे की एकाला आणायला-सोडायला आणि दुसऱ्याला शिकवायला माणूस एकच होता. लेकीवर हा अन्याय झाला का, यावर आमच्यात दोन-तीन वेळा भांडणं झालेली आहेत, ते असो.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या वर्षी आम्ही तेच केलं जे तुमच्या चौकोनात लिहिलं आहे, म्हणजे प्रत्येक मुलासाठी त्याच्या इयत्तेचा तयार अभ्यासक्रम. एका ओळखीच्याने सांगितलं म्हणून अमेरिकेचा एक पूर्ण संच सेकंडहँड घेतला, बावीस हजाराला, तो पण फक्त थोरलीचा. मोठा खोका आला, उघडला तर मस्त वास, रंगीत पुस्तकं, शिक्षकांसाठी वेगळी पुस्तकं, रोजचं टाईमटेबल छापलेलं. तीन दिवस घरात सण होता. चौथ्या दिवशी गणितात आलं की तीन क्वार्टर, दोन डाइम आणि एक निकेल मिळून किती. मी गल्ल्यावर बसणारा माणूस, मला हिशोब येत नाही असं होत नाही, पण मला आधी गूगल करावं लागलं की क्वार्टर पंचवीस सेंटचा, डाइम दहाचा नि निकेल पाचचा. झाले शंभर, म्हणजे एक डॉलर. पोरगी म्हणे, बाबा हे आपल्याला कुठं लागणार आहे? मग इंच, मग गॅलन, मग विज्ञानात बर्फ वितळल्यावर परत येणारे पक्षी, आणि बाहेर पंचेचाळीस डिग्रीत कूलर पाणी मागून राहिला होता.

पण पैसे आणि डाइम ही खरी अडचण नव्हतीच, ते बदलून घेता येते. अडचण टाईमटेबलची होती. त्या संचात रोज साडेचार तास लिहिले होते, एका मुलाचे. मधल्यासाठी तसाच दुसरा संच घेतला तर नऊ तास, आणि धाकटी मोठी झाल्यावर साडेतेरा. दिवस चोवीस तासांचा, त्यात मिसेसची नाईट. मी कागदावर हा हिशोब मांडला आणि खोका माळ्यावर ठेवून दिला. तसं दुकानात मी हे रोज पाहतो. आया येतात, मोबाईलमध्ये चारशे पानांची पीडीएफ, भाऊ स्पायरल करून द्या, तिघांसाठी तीन रंगांचे कव्हर लावा. मार्च महिन्यात त्याच स्पायरल बाइंडिंग परत येतात, पहिली तीस पानं भरलेली, बाकी कोरी, भाऊ मागच्या कोऱ्या बाजूवर प्रिंट मारून द्याल का. मला दोन्हीकडून पैसे मिळतात म्हणून माझी काही तक्रार नाही, पण वाईट वाटते.

मला रस्ता सापडला तो माझ्याच शाळेच्या आठवणीतून. मी भिवापूर तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत शिकलो. पहिली ते चौथी, गुरुजी दोन, खोल्या दोन, त्यातली एक पावसाळ्यात गळायची म्हणून बरेचदा खोली एकच. आमचे गुरुजी काय करायचे, की गोष्ट सांगायची असली तर चारही वर्ग एकत्र बसवायचे. चौथीच्या पोरांना गोष्ट लिहून काढायला लावायचे, तिसरीच्यांना त्यातले दहा शब्द, दुसरीच्यांनी सांगायची, पहिलीच्यांनी चित्र काढायचं. गणित मात्र कधी एकत्र नाही. गणिताला प्रत्येकाची पाटी वेगळी, आणि मोठी पोरं लहान्यांचे पाढे ऐकायची, चुकलं की चिमटा. याला डीएडवाले बहुवर्ग अध्यापन म्हणतात हे मला नंतर कळलं. आपल्या राज्यात खेडोपाडी हेच चालू आहे, किती वर्षांपासून, आणि आपण शहरातले लोक तीन पोरांना घरी एकत्र कसं शिकवावं म्हणून परदेशी पुस्तकं मागवून राहिलो.

तर आता आमचं असं चालते. गणित आणि वाचन-लेखन ज्याचं त्याचं, आणि बाकी सगळं, म्हणजे इतिहास, भूगोल, विज्ञान, परिसर अभ्यास, कविता, हे तिघांचं मिळून. एकच विषय, एकच वेळ, काम मात्र ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे.

पुस्तकं बालभारतीची. कोणाला वाटेल हे तर शाळेतलंच झालं, मग घरी कशाला ठेवलं. पण एक तर ती स्वस्त आहेत, पूर्ण सेट काही शेकड्यात येतो, नागपुरातच बालभारतीचं भांडार आहे आणि नाही जमलं तर ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट उतरवता येते. दुसरं म्हणजे ती फाडायला जीव घाबरत नाही. बावीस हजाराच्या संचाचं पान फाडायची माझी हिंमत झाली नव्हती. बालभारतीचं पुस्तक मी सरळ कटरखाली घेतो, पाठीची शिवण कापतो, धडे सुटे करतो आणि मला पाहिजे तसे परत स्पायरल करतो. २०२३-२४ मध्ये सरकारने पुस्तकांचे भाग पाडून धड्यांच्या मागे कोरी पानं टाकली होती, दप्तर हलकं होईल म्हणून, तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली, नंतर ती योजना बंदही झाली. आमच्या घरी मात्र ती पानं खूप कामी आली, मधला त्यावर चित्रं काढून धडा सांगायचा. शाळेसाठी वाईट असलेली गोष्ट घरासाठी चांगली निघू शकते.

आणि इयत्तेचं म्हणाल तर आमच्या घरी आता कोणाची एक इयत्ता राहिलीच नाही. थोरली वयाने आठवी, वाचनाने दहावीच्याही पुढे, आणि अपूर्णांकात मागच्या वर्षीपर्यंत पाचवी. ते कळलं कसं, तर मी पाचवी, सहावी, सातवी तिन्ही पुस्तकांमधले सरावसंच काढले आणि प्रत्येकातली दहा-दहा गणितं दिली. जिथं दहातली तीन-चार चुकायला लागली तिथून सुरू केलं. तिला फार राग आला, पाचवीचं पुस्तक हातात धरायची लाज वाटली. मग मी पानं सुटी करून कव्हरवर काहीच न लिहिता बांधून दिली. दोन महिन्यांत ती सहावीत आली, आणि वर्षाअखेर सातवीचं संपवून आठवीचं उघडलं. शाळेत हे झालं नसतं असं मी म्हणत नाही, पण शाळेत पाचवीचं पुस्तक घेऊन सातवीत बसता येत नाही ना.

मधल्याचं गणित म्हणजे वेगळीच कहाणी. त्रेपन्न म्हटलं की तो ३५ लिहायचा. आणि बरोबरच आहे त्याचं, आपण आधी तीन म्हणतो मग पन्नास म्हणतो, तो जसं ऐकू येते तसं लिहितो. एकोणतीस म्हटलं की ३९, कारण तीस ऐकू आलं ना. तुम्हाला आठवत असेल २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणितात बावीसला वीस दोन म्हणायला लावलं म्हणून केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेत पण गाजलं. तेव्हा मीही व्हॉट्सअपवर ते जोक फॉरवर्ड केले होते, कबूल करतो. तीन वर्षांनी तेच पुस्तक माझ्या कामाला आलं. पन्नास तीन म्हणजे त्रेपन्न, वीस नऊ म्हणजे एकोणतीस, असं दोन्ही नावं एकदमच बोलायची, गल्ल्यातल्या दहा-दहाच्या नोटा नि एक-एकची चिल्लर समोर मांडून. चार महिने लागले. आता त्याला जुनी नावं पण येतात आणि उलटे आकडे बंद झाले. त्या जोकबद्दल मी मनातल्या मनात माफी मागून घेतली.

त्याच्या वाचनासाठी काय करतो, तर धडा मोठा करतो. ए-फोरचं पान मशीनवर ए-थ्री करायचं, अक्षर मोठं होते, ओळींमध्ये जागा होते, बोट ठेवून वाचता येते. आधी मी वाचून दाखवतो, मग तो नि मी मिळून, मग तो एकटा, आणि मग मोबाईलवर त्याचाच आवाज रेकॉर्ड करून तो ऐकतो. दिवसाला एकच पान. पुस्तकात सोळा धडे असतील तर आमचे नऊ होतात. बाकीचे सात कोणते सोडायचे हे ठरवताना आधी हात थरथरायचा, आता नाही थरथरत.

आता हे झेरॉक्सवालं एक उदाहरण सांगतोच, कारण एका गोष्टीवर तिघंही कसे बसतात ते याच्यातून कळते. मागच्या दिवाळीच्या आधी दुकानात गर्दी नव्हती, तिघंही तिथंच होते. मधल्याचा धडा मोठा करायला मी मशीनवर १४१ टक्के दाबलं. तो म्हणे, बाबा, १४१ कशाला, १५० नाही तर २०० कर ना, पान डबल पाहिजे तर. मी वीस वर्षांपासून १४१ दाबून राहिलो, कधी विचारच केला नाही. मग त्याला कोऱ्या कागदावर १० सेंटिमीटरचा चौकोन काढायला लावला आणि तो १४१ वर मारला. मोजला तर १४.१ आला. आधी क्षेत्रफळ १००, आता १४.१ गुणिले १४.१, कॅल्क्युलेटरवर १९८.८१. जवळपास दुप्पटच की. पानाची जागा दुप्पट करायला बाजू दुप्पट करायची नसते हे त्याला तिथं कळलं, आणि खरं सांगू, मला पण तिथंच कळलं.

धाकटीला मी ए-फोरच्या घड्या घालायला बसवलं होतं. अर्धा केला, परत अर्धा केला, आणि ती म्हणे याचं तोंड तसंच राहते, फक्त लहान होते. लीगल कागद दिला, तर म्हणे हा आधी लांबुडका होता, घडी घातली तर बुटका झाला. बस, एवढंच तिचं काम होतं, पण ती जे बोलली तेच पुढे थोरलीच्या वहीत गेलं. अर्धा केल्यावर तोंड तसंच राहायचं असेल तर लांबी-रुंदीचं प्रमाण किती पाहिजे? तिने मांडलं. रुंदी एक धरली, लांबी एक्स. अर्धं केल्यावर लांबी एक आणि रुंदी एक्सच्या अर्धी. दोन्ही प्रमाणं सारखी म्हणजे एक्सचा वर्ग दोन. म्हणजे एक्स दोनचं वर्गमूळ, १.४१४ आणि पुढे चालूच. ए-फोर मोजला, २९७ मिलीमीटर बाय २१०, भागाकार केला, १.४१४ आला. आठवीच्या गणिताचा पहिलाच धडा परिमेय व अपरिमेय संख्यांचा आहे, त्यात दोनचं वर्गमूळ संख्यारेषेवर दाखवायचं असते, तो धडा तिने आधी वाचलेला होता आणि अजिबात आवडला नव्हता. त्या दिवशी रात्री तिने तो स्वतःहून परत काढला. गिऱ्हाईक आलं तेव्हा आमचे चौघांचे डोके कागदावर, तो बिचारा दोनदा म्हणे भाऊ, आधार कार्डाच्या दोन कॉप्या.

वर्धा आमच्यापासून पाऊण-एकशे किलोमीटर, तिथं १९३७ साली गांधीजींनी नई तालीम मांडली, की हाताच्या कामातूनच गणित आणि भाषा शिकवायची. सेवाग्रामला आम्ही शाळेच्या सहलीत गेलो होतो, तेव्हा सूत कातायची टकळी पाहून हसलो होतो. आता वाटते की त्यांच्याकडे टकळी होती, माझ्याकडे मशीन आहे, त्यात एवढं काय.

दुसरं एक वर्षभर चाललेलं काम पाण्याचं. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारतीने प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळं काढलेलं आहे, म्हणजे आपल्या पुस्तकात आपलेच चौदा तालुके, आपल्याच नद्या. ते पुस्तक मी तिघांसाठी घेतलं, आठवीवालीला पण. प्रश्न एकच ठेवला, नळाचं पाणी कुठून येते आणि मोरीतून कुठं जाते. धाकटीने टाकीपासून नळापर्यंत चित्र काढलं. मधल्याने आठवडाभर बादल्या मोजल्या, माणशी किती लिटर लागते त्याचा तक्ता केला (त्यात आजीच्या बादल्या सर्वात जास्त निघाल्या, मग तो तक्ता भिंतीवरून काढावा लागला). थोरलीने नकाशा केला. पेंच आणि कन्हान या नद्यांचं पाणी आपल्याकडे येते, आपण वापरून सोडतो ते नाग नदीत, नाग निघते लाव्याच्या टेकड्यांतून, तिला पिवळी नदी मिळते, पुढे ती कन्हानला जाते. आणि पेंच पण कन्हानलाच मिळते. म्हणजे ते पाणी तसंही कन्हानलाच जाणार होतं, मधे फक्त आपल्या घरात चक्कर मारून घाण होऊन गेलं, हे तिचं वाक्य. पुढे कन्हान वैनगंगेला, गोसीखुर्दच्या धरणात, मग वर्धा नि वैनगंगा मिळून प्राणहिता, प्राणहिता गोदावरीला आणि गोदावरी समुद्राला. तेव्हापासून धाकटी दात घासून थुंकली की बेसिनमध्ये वाकून पाहते आणि म्हणते, जा, बंगालच्या उपसागरात जा. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना पण सांगते.

इतिहासाचं पण तसंच जमते, चौथीला शिवाजी महाराज, आठवीला इंग्रज, आणि आपल्याकडे मधे भोसले आहेतच, त्यांची इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरची, किल्ला वर्षातून मोजकेच दिवस लोकांसाठी उघडतात तेव्हा तिघांना घेऊन गेलो. रमण विज्ञान केंद्र आणि अजब बंगला तर नागपुरातल्या प्रत्येक पोराचे पाहून झालेलेच असतात, पण आधी धडा वाचून गेलं तर दोन तास पुरत नाहीत, आणि न वाचता गेलं तर पंधरा मिनिटांत आईस्क्रीम मागतात.

आता चुका पण सांगतो, नाही तर हे सगळं जाहिरातीसारखं वाटेल. माझ्या गुरुजींची नक्कल करताना मी थोरलीला लहान्यांच्या मागे लावून दिलं. ती ऐकते, ती समजावते, मला दुकानात जाता येते. सहा महिन्यांनी एक दिवस तिने वही आपटली, मी काय मास्तरीण आहे का घरची, माझा अभ्यास कोण घेणार? बरोबर होतं तिचं. आता ती फक्त वीस मिनिटं धाकटीचं वाचन ऐकते, आणि सकाळी साडेसहा ते आठ हा वेळ तिचा एकटीचा, माझ्यासोबत, तेव्हा मधल्याने हाक मारली तरी उत्तर द्यायचं नाही. मुलं एकत्र बसवली की मोठ्याचा वेळ लहान्यांकडे गळत राहतो, यावर लक्ष ठेवावंच लागते. आणखी एक, सगळं मिळून करायच्या नादात मी एकदा इंग्रजी पण एकत्र केलं, ते पूर्ण फसलं, मोठी कंटाळली नि लहान रडली. आणि मैत्रिणींचं काय, हा प्रश्न आहेच. संध्याकाळी ग्राउंडवर कबड्डीला जाते म्हणून थोडं भागते, पूर्ण नाही भागत.

उन्हाळ्याचं मात्र आम्ही आमच्या मर्जीने करतो. विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या मागून, जूनच्या शेवटी शेवटी सुरू होतात, हे पुण्या-मुंबईत छापलेल्या टाईमटेबलांना माहीतच नसते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी फक्त गोष्टी, कूलरसमोर झोपून.

राहिला परीक्षेचा विषय, तो सगळेच विचारतात. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, त्यात घरशाळेसाठी वेगळी तरतूद नाही, पण वयानुरूप वर्गात प्रवेशाची सोय आहे, म्हणजे उद्या मधल्याला शाळेत परत टाकायचं ठरवलं तर दार बंद नाही. दहावीसाठी आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा, त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून ज्यांनी मुलं काढली असतील त्यांनी तो दाखला लॅमिनेट न करता नीट ठेवावा (लॅमिनेशन मीच करतो, तरी सांगून राहिलो, कारण मूळ प्रत द्यावी लागते). दुसरा रस्ता एनआयओएसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळा मंडळाचा, चौदा वर्षं पूर्ण असली की दहावीचा प्रवेश, पाच विषय, मराठी माध्यम पण आहे, आणि सगळे पेपर एकाच वेळी द्यायची सक्ती नाही. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पण आहे, तिथं पाचवी-आठवीची परीक्षा देता येते. हे सगळं मला माहीत व्हायला दीड वर्ष लागलं. एका ऑफिसात तर खिडकीवरच्या बाईंनी असं काही नसतेच म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या खेपेला त्याच खिडकीवर दुसरे साहेब होते, त्यांनी पाच मिनिटांत कागद दिला. तुमच्या चौकोनात अभ्यासक्रमांच्या नावांपेक्षा ही माहिती असती तर बरं झालं असतं. कारण शेवटी परीक्षा कोणती द्यायची हे ठरलं की सातवीपासून पुस्तक त्याच बाजूला वळवावं लागते, आणि तोवर मात्र वाट्टेल तसं कापता येते. थोरली एनआयओएस म्हणते, तिला चित्रकला विषय पाहिजे. मधल्याचं अजून पाच वर्षांनी पाहू.

आता ती विनंती. तुमच्या शनिवारच्या मुलांच्या पानावर शब्दकोडं येते, ते आमच्याकडे तिघंही सोडवतात, धाकटी अक्षरं शोधते, मधला आडवे शब्द, थोरली उभे. मधल्यासाठी मी ते १४१ टक्क्यांवर मोठं करतो, पण तुम्ही ते पानाच्या अगदी कडेला, घडीजवळ छापता, त्यामुळे मशीनच्या काचेवर सपाट बसत नाही आणि शेवटचा उभा रकाना दर वेळी काळा येतो. तो रकाना मग मला पेनाने काढून द्यावा लागतो आणि मी चौकोन मोजण्यात चुकतो. कोडं दोन बोटं आत सरकवता आलं तर पाहा.

आपला,
तीन पोरांचा बाप, झेरॉक्सवाला
मानेवाडा, नागपूर

(नाव छापू नये, सासरे तुमचाच पेपर वाचतात.)